लॉकिंग ट्रेमोलोची गिटार: तारा बदलणं आणि पडद्यावरचा सूर जुळवणं

(खामगाव इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. गिटार उघडून जे दाखवलं ते कंसात लिहिलं आहे.)

आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींनी दारातच विचारलं, की गिटारच्या तारा बदलायला व्याख्यान कशाला लागतं? तंबोऱ्याची तार तुटली तर आम्ही घरीच चढवतो. बरोबर आहे. साध्या गिटारचीही तार पाच मिनिटांत चढते. पण ही जी टेबलावर ठेवली आहे, दांडा असलेली, तिचं प्रकरण वेगळं आहे. आपल्या जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, अशा गिटारी आम्ही खुंटीला टांगलेल्या पाहिल्या आहेत. मुलानं हट्टानं घेतली, सहा महिने वाजवली, एक तार तुटली, बदलायला गेला आणि सगळ्या गिटारचा सूर गेला. मग कुणी म्हणालं मान वाकली, कुणी म्हणालं माल डुप्लिकेट आहे. शेवटी निम्म्या किमतीत विकली, नाहीतर गंजत पडली. त्यातल्या बहुतेक गिटारींना काहीही झालेलं नव्हतं.

आम्ही स्वतः यात पोळलो आहोत, ते आधी सांगून टाकतो. संध्याकाळी लग्नातला कार्यक्रम होता आणि दुपारी वाटलं, नव्या तारा घालूया, आवाज खुलेल. सवयीनं सहाच्या सहा तारा कापून काढल्या. खाडकन आवाज झाला, ब्रिज मागच्या बाजूनं आत बसला आणि गिटारच्या पाठीतली एक स्प्रिंग सुटून पडली. मग तीन तास आम्ही सूर लावत होतो. पहिली तार लागली की सहावी उतरलेली, सहावी चढवावी तर पहिली उतरलेली. कार्यक्रम शेवटी मित्राच्या उसन्या गिटारवर झाला. त्या तीन तासांत काय चुकत होतं, तेवढंच आज सांगायचं आहे.

(इथे गिटार उलटी ठेवून पाठीमागचं प्लास्टिकचं झाकण काढलं.)

हे बघा. या खोबणीत स्प्रिंगा आहेत. या गिटारला तीन आहेत, काहींना दोन, काहींना पाचपर्यंत असतात. त्यांचं एक टोक या पंजासारख्या पट्टीला अडकवलंय आणि पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवली आहे. दुसरं टोक या जाड धातूच्या ठोकळ्यात. हा ठोकळा म्हणजेच ब्रिजचा खालचा भाग. आता गिटार सुलटी करतो. ब्रिज म्हणजे आपली घोडी. तंबोऱ्याची घोडी तबलीवर पक्की बसलेली असते. ही घोडी कुठंच पक्की बसलेली नाही. समोर दोन खांब आहेत, त्यांच्यावर ती धारदार कडेनं टेकली आहे, बस. वरून तारा तिला मानेकडे ओढतात, खालून स्प्रिंगा तिला उलट फिरवू बघतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की घोडी आडवी, सपाट तरंगते. आपल्या धान्याच्या काट्यासारखं समजा. एका पारड्यात सहा तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा.

ओढ थोडीथोडकी नसते. नऊ नंबरचा संच म्हणतात, ज्यात सगळ्यात बारीक तार एक इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असते, तो नेहमीच्या सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण 38 किलोनं ओढतात. दहा नंबरचा संच घातला तर हीच ओढ 47 किलोच्या आसपास जाते. म्हणजे दुकानदारानं नऊऐवजी दहाचं पाकीट दिलं आणि तुम्ही ते मुकाट्यानं घातलं, तर एका पारड्यात आठ-नऊ किलो वाढले. घोडी मागून वर उचलली जाणारच. हा गिटारचा दोष नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी भांडणं मिटतात. संच बदलताना आधीचाच नंबर घ्या, निदान पहिल्या वेळी तरी.

आता हे यंत्र इतकं गुंतागुंतीचं केलं कुणी आणि का? खामगावात बसून ही गोष्ट सांगायला मजा येते, कारण या चांदीच्या गावाशी तिचं थोडं नातं लागतं. हा शोध ज्या अमेरिकन गिटारवादकाच्या नावानं ओळखला जातो, तो फ्लॉइड रोझ त्या काळात दागिने घडवायचा, आणि त्याच हत्यारांवर त्यानं पहिले नमुने केले. गिटारला हलणारा ब्रिज आधीपासून होता. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवर तो 1954 सालीच आला. दांडा दाबला की सगळे सूर खाली जातात, सोडला की वर येतात. अडचण अशी, की दांडा जोरात दाबला की तार नटच्या खाचेतून घसरायची, खुंटीवरचे वेढे सैल व्हायचे, आणि दांडा सोडल्यावर तार पूर्वीच्या जागी यायची नाही. रोझनं 1976 च्या सुमारास यावर काम सुरू केलं आणि 1979 मध्ये त्याला पेटंट मिळालं. युक्ती सरळ आहे. तार दोन्ही टोकांना चिमट्यात आवळायची. वर नटपाशी, खाली ब्रिजवर. घसरायला वावच ठेवायचा नाही.

पण वर चिमटा आवळला की खुंट्या निरुपयोगी. तुम्ही खुंटी कितीही पिळा, नटच्या अलीकडच्या तारेला त्याची दादच नाही. मग बारीक फरक कसा काढायचा? म्हणून पुढे ब्रिजवर हे सहा छोटे स्क्रू आले, फाइन ट्यूनर. आणि इथं आपल्या तंबोरेवाल्यांनी हसायला हरकत नाही. कारण हे म्हणजे मणके! तंबोऱ्याला आधी खुंटीनं तार सुरात आणायची, मग घोडीच्या खालचा मणका किंचित सरकवून सूर नेमका करायचा, हे मिरजेच्या कारागिरांना रोझच्या किती आधी ठाऊक होतं. मिरजेला शस्त्रं घासणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मणक्याची जी मर्यादा, तीच फाइन ट्यूनरची. थोडाच पल्ला. मणका तळाला गेला की परत खुंटीकडे जावं लागतं. इथं खुंटीकडे जायचं तर आधी चिमटा सोडावा लागतो.

एवढं समजलं की तारा बदलण्याचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप सुचतो.

हत्यारं फार नाहीत. तीन मिलिमीटरची षटकोनी किल्ली, जिला आपले मेकॅनिक एलएन की म्हणतात. तिच्याहून लहान एक-दोन, कारण सॅडल सरकवायचा स्क्रू बहुधा अडीचचा किंवा दोनचा असतो. पक्कड, मऊ कापड, ट्यूनर, आणि कापडात गुंडाळलेली लाकडाची पातळ पट्टी. ही पट्टी म्हणजे आमच्या त्या तीन तासांवरचा इलाज.

पहिलं काम, नटचे तिन्ही चिमटे सोडा. हे विसरून खुंटी फिरवणारे खूप. चिमटा बंद असताना खुंटी पिळली की नटच्या वरच्या तुकड्यावर ताण येतो आणि तार तिथंच तुटते. मग फाइन ट्यूनर मधोमध आणा, किंवा मधल्यापेक्षा जरा सैल, कारण नवी तार नंतर उतरणार आणि आपल्याला चढवायला वाव लागणार. मग दांडा हलकेच दाबा. ब्रिजची मागची कड वर येईल. तिच्याखाली ती पट्टी सरकवा आणि दांडा सोडा. पट्टीची जाडी अशी हवी, की ब्रिज जसा तरंगत होता तसाच सपाट राहील. आता तारा काढल्या तरी स्प्रिंगा त्याला आत खेचू शकत नाहीत. पाहिजे तर सहाही काढा, पडदे पुसून घ्या. पट्टी नसेल तर एका वेळी एकच तार बदला, ती सुरात आणा, मगच दुसरी. वेळ लागतो, पण काट्याचं पारडं उलटत नाही. तार कापताना आधी खुंटीनं ती सैल करा. ताणलेली तार कापली की टोक डोळ्याकडे येतं. हे मुलांना दोनदा सांगा.

नव्या तारेच्या टोकाला पितळी गोळी असते. ती पकडीनं कापून टाका, आणि गुंडाळी संपून जरा पुढे कापा. ते टोक सॅडलमधल्या छोट्या ठोकळ्यासमोर नीट मधोमध बसवून मागचा लांब स्क्रू आवळा. घट्ट, पण अंगातला सगळा जोर लावून नव्हे. तो ठोकळा चिरला तर तारेची पकड गेली, आणि सुटा ठोकळा गावात मिळत नाही. काही जण तार उलटी बसवतात, गोळी खुंटीपाशी ठेवून दुसरं टोक सॅडलमध्ये. चालतं. गोळी कापायचं काम वाचतं. आम्हाला मात्र खुंटीवर दोन-तीन वेढे दिलेले आवडतात.

सगळ्या तारा चढल्या, सुरात आल्या, की प्रत्येक तार बोटांनी हलकेच वर ओढून ताणून घ्या. ती उतरेल. परत लावा. परत ताणा. उतरायची थांबेपर्यंत. इथं कंटाळा केला तर चिमटे बंद केल्यावर तार उतरते आणि फाइन ट्यूनरचा पल्ला तिथंच संपतो. मग पट्टी काढा. आता खरी गंमत सुरू होते.

पट्टी काढल्यावर सूर थोडा हलेलच. घाबरायचं नाही. सहावी तार लावा, मग पाचवी, असं पहिलीपर्यंत या. आता सहावी बघा, उतरलेली असेल. कारण बाकीच्या पाच तारांची ओढ वाढली, घोडी पुढे झुकली, सगळ्या तारा किंचित सैल झाल्या. परत सहावीपासून. दुसऱ्या फेरीत फरक कमी होतो, तिसरीत आणखी कमी. चार-पाच फेऱ्यांत सगळं स्थिर होतं. आम्ही त्या दुपारी काय करत होतो? एकच तार अगदी काट्यावर काटा आणायचो आणि तिच्यावरच अडून बसायचो. पहिल्या फेरीत कुठलीच तार नेमकी लावू नका. साधारण जवळ आणा आणि पुढे चला. इथं कुठलीही तार एकटी नाही.

सूर लागला की बाजूनं, डोळा गिटारच्या पातळीत आणून बघा. ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर हवा. मागून वर उचललेला असेल तर स्प्रिंगा कमी पडताहेत, पाठीमागचे ते दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळा. मागून खाली बसला असेल तर सैल करा. दोन्ही सारखेच फिरवा. प्रत्येक वेळी सूर परत लावा आणि परत बघा. सूर लागलेला आणि ब्रिज सपाट, दोन्ही एकाच वेळी पाहिजे. एक झालं म्हणून थांबू नका.

आता दुसरा भाग. मोकळी तार सुरात आहे, पण वर बाराव्या पडद्यावर दाबली की बेसूर. याला इंटोनेशन बिघडलं म्हणतात. सतारवाले म्हणतील, पडदा सरकवा. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. तिथं आपल्याला सरकवता येते ती तारेची खालची टेकण, सॅडल.

बिघडतं का, तेही बघू. या गिटारची तार नटपासून ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. बारावा पडदा नटपासून 324 वर, बरोबर मध्यावर. अर्धी तार म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, हे गणित आहे. पण तार दाबताना आपण ती पडद्यापर्यंत खाली नेतो, ती किंचित ताणली जाते, सूर चढतो. जाड तार तर ताठही असते, तिचा सूर आणखी चढतो. म्हणून तारेची लांबी मुद्दाम थोडी वाढवून द्यायची. बारीक तारेला कमी, जाड तारेला जास्त. सगळी सॅडल एका रेषेत दिसली तर समजा, की कुणी तरी दिसायला छान म्हणून लावली आहेत. बरोबर लावलेल्या गिटारला ती पायऱ्यांसारखी दिसतात. पहिली तार सगळ्यात पुढे, दुसरी जरा मागे, तिसरी आणखी मागे. गुंडाळीची चौथी परत पुढे, मग पाचवी, सहावी मागे मागे.

तपासणी अशी. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, घंटेसारखा सूर येतो. ट्यूनरवर तो बरोबर आणा. मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून वाजवा. नेहमी दाबता तेवढंच दाबा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे न्या, उतरलेला आला तर पुढे आणा. किती? सप्तकाचे 1200 भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात, ट्यूनरवर तेच दिसतात. या लांबीच्या गिटारला एका सेंटचा फरक काढायला सॅडल सुमारे 0.37 मिलिमीटर हलवावं लागतं. सहावी तार सहा सेंट चढी दिसली, तर सव्वादोन मिलिमीटर मागे. एवढा हिशेब हातात असला की आंधळेपणानं दहा वेळा स्क्रू उघडावा लागत नाही. सरकवण्याआधी सॅडलची मागची कड कुठं होती तिथं पेन्सिलीची बारीक खूण करा.

सॅडल हलवताना तार खुंटीनं पुरेशी सैल करायची. ताणलेल्या तारेखाली सॅडलचा स्क्रू सोडला तर तार त्याला झटक्यात पुढे ओढते. एक तार सैल झाली की बाकीच्या पाच चढणार. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. सरकवलेली तार परत सुरात आली की बाकीच्याही जागेवर येतात. पण मोजमाप नेहमी सहाही तारा सुरात असतानाच घ्या. आणि जुन्या तारांवर हे काम करू नका. घामानं, गंजानं तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही. तिच्यावर इंटोनेशन लागतच नाही, आणि माणूस स्वतःच्या कानाला दोष देतो. सॅडल शेवटपर्यंत मागे जाऊनही सूर चढाच असेल, तर खालच्या पट्टीत स्क्रूसाठी एकापेक्षा जास्त भोकं असतात, मागच्या भोकात स्क्रू न्या. तारांची उंची मात्र आधी ठरवा. उंची बदलली की इंटोनेशन बदलतं.

सगळं झालं की नटचे चिमटे आवळा. आवळताना सूर किंचित चढतो, तेवढा फाइन ट्यूनरनं उतरवा. मग दांडा दोन-चार वेळा खाली दाबून सोडा आणि ऐका. सूर परत आला तर काम झालं.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर भजनी मंडळी आम्हाला सोडणार नाहीत. इंटोनेशन अगदी बिनचूक लावलं, तरी तंबोऱ्यासमोर गिटारचा गंधार चढाच वाटेल. तो लावणाऱ्याचा दोष नाही. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात, त्यात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो 386 वर. चौदा सेंटचा फरक कानाला कळतो. हाच वाद पेटीवरून झाला. आपल्या महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीनं श्रुती मोजण्याचे प्रयोग केले आणि 1910 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे 1940 पासून जवळपास तीस वर्षं आकाशवाणीनं पेटी दूर ठेवली, त्याला हेही एक कारण होतं. तेव्हा अभंगाच्या साथीला गिटार घेतली आणि गंधार खटकला, तर सॅडल हलवत बसू नका. एक सूर बरा होईल, अकरा बिघडतील. गंधार लांबवू नका, षड्ज-पंचमावर साथ धरा.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न: बुलढाण्याला लावलेली गिटार शेगावला नेली की उतरते. घाट उतरल्यामुळे?

उंचीमुळे नाही, उन्हामुळे. पोलादाची तार तापली की लाकडापेक्षा जास्त वाढते, सैल होते, सूर उतरतो. वर बुलढाण्याची हवा थंड, खाली मे महिन्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कार्यक्रमाच्या जागी गिटार अर्धा तास पेटीबाहेर ठेवा, मग फाइन ट्यूनरनं लावा. गाडीच्या डिकीत, उन्हात कधीच ठेवू नका. आणि फाइन ट्यूनर मधोमध ठेवायला सांगितलं, ते अशा दिवसासाठीच.

प्रश्न: मींड काढायला ही गिटार चांगली का?

दांड्यानं सूर सरकवता येतो, पण सगळ्या तारा एकदम सरकतात. आणि बोटानं एक तार ओढून मींड काढली, तर तिची ओढ वाढते, घोडी झुकते आणि बाकीच्या तारा उतरतात. सोबत दुसरी तार वाजत असेल तर ते बेसूर लागतं. मींडेसाठी पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर पट्टी सरकवली, त्यात पडद्यांचा प्रश्नच राहत नाही. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ऐका.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, हीच गिटार मागतो. घेऊन द्यावी का?

पहिली गिटार म्हणून आम्ही नको म्हणतो, ताई. साधा, पक्क्या ब्रिजचा नमुना घ्या. तार तुटली तर तो स्वतः घालेल आणि संध्याकाळी परत वाजवत बसेल. वर्षभर वाजवत राहिला, आणि तरीही हीच हवी असं म्हणाला, तर घ्या. घेताना पाठीचं झाकण उघडून स्प्रिंगा मोजा, ब्रिजची ती धारदार कड झिजलेली नाही ना ते बघा, दांडा दाबून सोडून सूर परत येतो का ते ऐका. दुकानदार घाई करायला लागला तर उठून या. आणि तीनची एलएन की गिटारसोबतच मागून घ्या.